दूध केंद्राच्या फ्रिजातली भुकटी

न्हावऱ्याचे जुने दूध संकलन केंद्र बंद होऊन बरीच वर्षे झाली. गेल्या रविवारी दौंडहून शिरूरला एका साखरपुड्यासाठी जाताना आम्ही तिथे थांबलो. गाडी पल्लवी चालवत होती. पल्लवी ही माझ्या धाकट्या भावाची, सदाची मुलगी. सदा पुढच्या सीटवर तिच्या मुलाला, विहानला, मांडीवर घेऊन बसला होता. केंद्राचा पत्रा दिसला तसा तो म्हणाला, "आक्का, जरा उतरू या का? आप्पांची जागा बघून घेऊ."

विहान दीड वर्षाचा आहे. घरात तो आईच्या मागे तुरुतुरु चालतो. पण एकदा आजोबांच्या हाती आला की त्याचा पाय जमिनीला लागत नाही. केंद्राचा लांब, मोकळा ओटा पाहताच मूल खाली झुकू लागले. सदाने त्याला आणखी घट्ट धरले.

"खाली नगं राजा. दगडी फरशी हाय."

पल्लवीच्या कपाळावरची आठी मला दिसली. सदाला जन्मापासून जो आजार आहे तोच विहानलाही आहे. हे एक वाक्य मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचे क्रमाने सांगता येईल.

कुलूप गंजले होते, खिडकीची एक फळी निघालेली होती. मी आत वाकले आणि वास आला. एवढ्या वर्षांत भिंतींचा रंग गेला, वजनकाटा गेला, मोरीच्या कडेची हिरवी फरशी कुणीतरी उचकटून नेली. वास मात्र राहिला. आंबूस दूध, धुण्याचा सोडा, ओले गोणपाट आणि या सगळ्यांच्या तळाशी फॅट तपासायच्या आम्लाचा घशाला झोंबणारा उग्र वास. आमच्या लहानपणाचा वास कोणता असे कुणी विचारले तर मी हाच सांगेन.

आमचे वडील, आप्पा, या केंद्राचे सचिव. सकाळ-संध्याकाळ किटल्या, कॅन आणि चरव्या घेऊन माणसे ओट्यावर रांग लावत. आप्पा प्रत्येकाच्या दुधाचा नमुना छोट्या बाटलीत घेत, मनगटाने दोन-चारदा जोरात हलवत, मग काचेच्या नळीत आम्लाबरोबर मिसळून हाताने फिरवायच्या यंत्रात ठेवत. यंत्र घुर्रर्र करत फिरे. फिरून थांबले की नळीत लोण्याचा पिवळा थर वर येई आणि त्याची उंची ही त्या म्हशीची पत ठरे. आप्पांच्या उजव्या मनगटाला ती हलवण्याची इतकी सवय होती, की घरी पाण्याचा तांब्या उचलला तरी ते आधी दोनदा हलवत आणि मग पीत. आई म्हणे, "अवो, त्यात मलई न्हाई, पाणी हाय."

सदाचा जन्म झाला तेव्हा मी शाळेत जाऊ लागले होते. तो रांगू लागला आणि त्याच्या गुडघ्यांवर, कोपरांवर निळे-जांभळे डाग उमटू लागले. रक्त न गोठण्याच्या या आजाराविषयी लोकांचा एक गैरसमज असतो, तो इथे दूर करते. रक्त पातळ असते म्हणून ते वाहते असे नाही. जखमेतून येणारे रक्त इतरांइतकेच हळू येते; फक्त ते थांबत नाही. रक्त गोठण्यासाठी त्यातले अनेक घटक एकामागून एक कामाला लागावे लागतात. सदाच्या रक्तात त्यांतला एक घटक नावालाही नव्हता. त्यामुळे पुढचे सगळे हात बांधून उभे राहत. खरचटणे दिसते तरी. न दिसणारे वाईट. गुडघ्याच्या आत रक्त साचे, गुडघा भोपळ्यासारखा सुजे आणि सदा ओठ दाबून छताकडे बघत राही.

म्हणून आमच्या घराची काही शिस्त होती. ओटीवर, माजघरात, परसदारी गोधड्या अंथरलेल्या असत. विळी माळ्यावर. सुतळीच्या बाजेचे पाय चिंध्यांनी बांधलेले. सदा उभा राहिला की घरातले कुणीतरी उभे राही. तो पडला की आम्ही सगळे एकदम ओरडत असू, आणि मला वाटते, त्याला पडण्यापेक्षा त्या ओरडण्याचीच भीती अधिक वाटत असावी. विटीदांडू, सूरपारंब्या, भोवरा त्याने कडेला बसून पाहिले. आप्पा त्याला केंद्रावर नेत आणि वजनकाट्याशेजारी पोत्याच्या घडीवर बसवत. तिथे बसून तो नुसत्या आवाजावरून सांगे, कॅन भरलेला आहे की अर्धा. हे त्याचे कधी चुकत नसे. पण अंगणात मुले पळू लागली की त्याची मान तिकडे वळे.

गुडघा सुजला की पुणे. त्याआधी एक मुक्काम दौंडला, मामांकडे, रेल्वेच्या चाळीत. कारण एसटीच्या धक्क्यांत त्याला लांबचा प्रवास सोसत नसे, आणि मामा गाडीत त्याला पाय पसरायला जागा मिळवून देत. दौंडची माझी आठवण कोळशाच्या धुराची आहे. काही इंजिने तेव्हा अजून कोळशावर चालत. मामींच्या वाळवणावर काजळीचे बारीक कण बसत आणि त्या फुंकर मारून कुरडई आमच्या हातावर ठेवत. मामा सदाला पाठुंगळी घेऊन फलाटावर नेत आणि म्हणत, "बघ रे साहेब, तुझ्यासाठी गाडी थांबवून ठिवलीय." सदाला ते बरेच दिवस खरे वाटत होते.

पुण्याच्या इस्पितळात त्याला प्लाझ्मा, म्हणजे रक्तद्रव, मिळे. दिलेले रक्त स्थिर ठेवले किंवा आप्पांच्या यंत्रासारख्या यंत्रात फिरवले, की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर गव्हाच्या काडाच्या रंगाचे स्वच्छ पाणी राहते. सदाला हवा असलेला घटक त्या पाण्यात असतो. तो टिकावा म्हणून ते गोठवून ठेवतात. दगडासारखी पिशवी यायची, कोमट पाण्यात ठेवली जायची, आणि आम्ही ती वितळण्याची वाट पाहत बसायचो. मग थेंब, थेंब, थेंब. पिशवीभर द्रवात हवा तो घटक चिमूटभर. पुष्कळदा सदाच्या अंगावर गांधी उठत, थंडी वाजे, आणि गुडघा उतरायला आठवडा लागे. तरीही त्या पिवळ्या पिशवीकडे मी कधी रागाने पाहिले नाही. तिच्याखेरीज आम्हांला कुणीच नव्हते.

सदा बारा वर्षांचा असताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आप्पांच्या हातात एक पुठ्ठ्याची डबी ठेवली. तिच्यात काचेची छोटी बाटली, तिच्यात पांढरट भुकटीची वडी आणि शेजारी पाण्याची दुसरी बाटली.

"ही घरी ठेवायची. फ्रिजात, पण बर्फात नाही. मोठी दुखापत झाली तर गावातल्या डॉक्टरांकडून द्यायची. रक्तद्रवातला याला लागणारा घटक वेगळा काढून वाळवलेला आहे."

आप्पा बाटली उजेडात धरून म्हणाले, "म्हंजी दुधाची भुकटी करत्यात, तसंच की!"

बाई हसल्या. "जवळजवळ तसंच. फक्त तुमचं दूध तापवून वाळवतात, हे गोठवून वाळवतात. तापवलं तर त्यातला गुण जातो."

"गोठवून कसं वाळंल? वलंच ऱ्हाणार न्हवं का ते?"

"देवघरातला कापूर वितळतो का हो?"

उत्तर आईने दिले. "न्हाई. डबी उघडी ऱ्हायली की नुसताच कमी कमी हुतो."

"तसंच. गोठवलेल्या द्रवाभोवतीची हवा यंत्रानं ओढून घेतात. मग त्यातला बर्फ पाणी न होताच निघून जातो. मागं उरते ती ही."

मी तेव्हा शिक्षिकेचा अभ्यासक्रम करत होते. पुढे कितीतरी वर्षे पदार्थाच्या अवस्थांचा पाठ मी याच कापरावर शिकवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी सगळाच रक्तद्रव असा वाळवून बाटल्यांत भरत आणि रणांगणावर पाणी घालून देत, हेही मी नंतर वाचले. पण त्या दिवशी मला एवढेच कळले की एक इस्पितळ आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात मावले आहे.

घरी फ्रिज नव्हता. केंद्रावर होता; गुरांच्या लशी आणि औषधे त्यात असत. डबी तिथे, वरच्या कप्प्यात, एका स्टीलच्या डब्यात गेली. बातमी ओट्यावर पोचायला एक सकाळ पुरली.

"आप्पा, लेकाचं रगत फ्रिजात ठिवलंय म्हणं?"

"रगत न्हाई. भुकटी हाय."

तेव्हा भिकूतात्या म्हणाले, "मग, फॅट किती लागली तिला?" भिकूतात्या म्हणजे रांगेत नेहमी पहिले येणारे आणि ज्यांच्या दुधाला फॅट नेहमी कमी लागे ते.

"तुमच्या म्हशीपरीस जास्त, तात्या. हिच्यात पाणी घालायचं अजून बाकी हाय."

सगळा ओटा हसला. त्या दिवसापासून मात्र वीज गेली की कुणी ना कुणी न सांगता फ्रिजाचे दार घट्ट लावले आहे का ते बघून जाई.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. वसुबारसेला पूजेसाठी वासरू ओटीपाशी आणले होते. सदाने त्याची दोरी धरली, वासराने हिसका दिला, सदा तोंडावर पडला आणि दातांत जीभ सापडली. जखम नखाएवढी. बाहेरच्या जखमेला दाबून धरता येते; जिभेला कसे धरणार? रक्ताची मऊ गाठ बने, लाळेत सुटून येई, पुन्हा रक्त. नखाएवढ्या जखमेसाठी एकुलती बाटली कशी फोडायची, म्हणून रात्र तशीच गेली. सकाळी त्याचे ओठ कोऱ्या कागदासारखे झाले होते. आप्पांनी त्याला उचलले आणि आईसह केंद्राशेजारच्या दवाखान्यात नेले. मी फ्रिजातला डबा घेऊन मागे धावले.

डॉक्टर तरुण, नुकतेच गावात आलेले. असली बाटली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती, आणि तसे त्यांनी सरळ सांगितले. सोबतचा कागद त्यांनी दोनदा वाचला. सुईने पाणी बाटलीत सोडले. वडी पाण्यात भिजून कडेने सुटू लागली. तेवढ्यात सदाला उमासा आला. "आप्पा, जरा धरा," म्हणत डॉक्टरांनी बाटली त्यांच्या हातात दिली आणि सदाचे डोके सावरायला वळले.

आप्पांनी बाटली धरली. त्यांचे डोळे सदाकडे होते. आणि त्यांचे मनगट, जे हजारो वेळा हलले होते, ते आपोआप हलले. खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ.

"आप्पा! अहो हलवताय काय!"

"मिसळाय नगं व्हय?"

"हे दूध नाही, आप्पा! नुसतं अलगद फिरवायचं असतं. फेस झाला, की त्यातला गुण मोडतो!"

बाटली पांढऱ्या फेसाने काठोकाठ भरली होती. द्रव कुठे दिसतच नव्हता. दुसरी बाटली गावात नव्हती. पुण्याशिवाय कुठेच नव्हती. डॉक्टरांनी ती हळूच टेबलावर उभी केली.

"कुणी हात लावू नका. फेस बसू द्या."

"बसंल?" आईने विचारले.

"बसेल. किती उपयोगी राहील, ते आत्ता सांगता येत नाही."

आम्ही त्या बाटलीकडे बघत राहिलो. दारात दूधवाली माणसे जमली होती. भिकूतात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. आप्पा भिंतीला टेकून उभे होते, डाव्या हाताने उजवे मनगट पकडून. जणू ते सोडले तर पुन्हा काही करील. वाटीत रक्त थुंकून सदाने मान वर केली. जीभ सुजली होती, शब्द जड येत होते.

"आप्पा," तो म्हणाला, "फॅट... किती लागली?"

भिकूतात्यांना हसू फुटले आणि तेवढ्यातच ते रडू लागले. आप्पा खाली बसले आणि सदाचे पाय त्यांनी दोन्ही हातांत धरले.

फेस हळूहळू विरत गेला. बुडबुडे एकमेकांत फुटले, काठाशी एक पांढरी किनार उरली आणि खाली पाण्यासारखा स्वच्छ द्रव दिसला. डॉक्टरांनी तो तेवढाच, थेंबही न सांडता, सुईत ओढला आणि अगदी सावकाश सदाच्या शिरेत सोडला. गुण मोडला असेल तर किती, ते कुणालाच माहीत नव्हते. उरला तेवढा पुरला. दुपारपर्यंत वाटीतले पाणी गुलाबी झाले, मग नुसते पाणी. संध्याकाळी सदा तोंड मिटून झोपला होता आणि उशीचा अभ्रा पांढरा होता. पांढऱ्या रंगाकडे मी तितका वेळ पुन्हा कधी पाहिलेले नाही.

पुढे बाटल्या येत राहिल्या. आधी कधीमधी, मग सरकारी इस्पितळातून नियमाने. आप्पांनी मात्र एकही हातात घेतली नाही. "तू धर," ते आईला म्हणत, "माझा हात दुधाचा हाय." आई दोन तळव्यांमध्ये बाटली फिरवी, फुलवात वळावी इतक्या हलक्या हाताने. भुकटी विरघळे आणि वर एक बुडबुडा दिसत नसे.

पुण्याला गेल्यावर आईने डॉक्टरीणबाईंना विचारले होते, "बाई, ह्ये हाय तरी कुणाचं?"

"एकाचं नाही. हजारो माणसांचा रक्तद्रव एकत्र करतात, तेव्हा त्यातून हे निघतं. कोण, कुठली, ते आम्हांलाही ठाऊक नसतं."

आईला हे सोसेना. ज्याचे घेतले त्याचे नाव माहीत नाही, त्याला बोलावता येत नाही, ओटी भरता येत नाही, हे तिच्या हिशेबात बसत नव्हते. तेव्हापासून सदाच्या वाढदिवसाला ती एक पान जास्त वाढू लागली. "पाव्हण्याचं पान," ती म्हणे. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई, वर तुपाची धार. मग आप्पा रस्त्यावर जाऊन जो पहिला भेटेल त्याला घेऊन येत. एका वर्षी कारखान्यावर कामाला आलेला एक बिहारी मुलगा आला. त्याला काही उलगडेना. "माताजी, मैंने क्या किया है?" त्याने घाबरून विचारले. आई म्हणाली, "तूच दिलं आसशील, कुणाला ठाव? जेव." तो दोनदा आमटी मागून जेवला.

ही भुकटी सगळ्यांनाच तशी लाभली नाही, हेही लिहिले पाहिजे. नाहीतर हा पाठ अपुरा राहील. हजारो माणसांचे एकत्र करताना एकाचा रोग सगळ्यांत जातो, आणि तो शोधण्याच्या, मारण्याच्या रीती हाती येईपर्यंत अनेक ठिकाणी अनेकांना त्यातूनच दुखणी लागली. पुण्याच्या वॉर्डात सदाशी पत्ते खेळणारा एक मुलगा असा गेला. त्याच्या आईचा हिरव्या काठाचा पदर मला अजून दिसतो. सदा वाचला यात आमची काही हुशारी नव्हती. म्हणून मी कृतज्ञ हा शब्द जपून वापरते, पण वापरते.

आई-आप्पा आता नाहीत. सदाने शिक्षण पुरे केले, पतसंस्थेत नोकरी केली, लग्न केले. एक गुडघा पुरता वाकत नाही, तेवढी खूण राहिली. या आजाराची रीत अशी, की बाप तो मुलाला देत नाही. मुलीच्या हाती मात्र नकळत सोपवतो आणि तो नातवात उगवू शकतो. विहानचा तपासणीचा कागद आला त्या दिवशी सदा जेवला नाही. "माझ्याकडूनच गेलं ह्ये," एवढेच म्हणाला. पल्लवीने त्याला जवळ बसवून समजावले की आता दुखापतीची वाट पाहत नाहीत. ठरल्या दिवशी आधीच औषध देतात, म्हणजे रक्तात तो घटक सतत राहतो. सदाने सगळे ऐकले. बुद्धीने मान्य केले. आणि मुलाला कडेवर घेतले ते घेतलेच.

रविवारी ओट्यावर विहान आता रडू लागला होता. सदाच्या खांद्यावर हात टेकून तो सगळे अंग खाली ओढत होता.

"बाबा, सोडा त्याला," पल्लवी म्हणाली.

"पडंल गं."

"पडू दे की. परवाच डोस झालाय त्याचा."

"तुला काय ठावं? आक्का, तू सांग हिला."

मला सांगण्यासारखे पुष्कळ होते. चाळीस मुलांच्या वर्गापुढे मी आयुष्यभर सांगतच आले. पण पल्लवीने आम्हां भावंडांच्या घरातला तो ओरडा कधी ऐकलेला नाही, आणि तिने तो ऐकू नये असे मला त्या क्षणी वाटले. "सोड, सदा," मी म्हणाले.

न वाकणारा गुडघा एका बाजूला काढून तो कसाबसा वाकला. विहानचे पाय फरशीला लागले. मूल क्षणभर डुलले आणि सुटले. ओट्याच्या मध्यावर पोचले आणि सपकन पालथे पडले, हातांवर. सदाचे तोंड उघडले. माझेही. आवाज कुणाचाच आला नाही. विहानने मान वळवून आधी आईकडे, मग माझ्याकडे, मग आजोबांकडे पाहिले. रडावे की नाही हे तो आमच्या चेहऱ्यांवरून ठरवत होता. पल्लवी म्हणाली, "ऊठ रे." तो उठला आणि दुसऱ्या टोकाकडे पळाला.

सदा ओट्याच्या कडेला बसला. हात मोकळे झाले होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हते.

थोड्या वेळाने विहान पुन्हा पडला. या वेळी त्याने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.